हेडमधलं नाव

— न्हाई, च्या ऱ्हावूं दे म्हनावं वैनींना, आधी माजं ऐका. काल तुमी हळदीला आला न्हाई, तवाच वळकलं मी. मोबाईलवर लग्नाचं पान बघितलं, तुमचं नाव घावलं न्हाई, आन दादा रुसलं. व्हय का न्हाई? आता तिकडं अंकिता म्हनतीया, बाबा आल्याबिगर मी बोहल्यावर चढत न्हाई. दुपारच्या अक्षता हायत दादा! माज्यासाठी नको, पोरीसाठी तरी चला.

आवं, नाव हाय त्यात! शप्पत! मिलिटरीतनं सुटल्यावर म्हसवडात कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसलो, ते काय उगंच? म्हटलं छापील पत्रिका कशाला, पोरीच्या लग्नाचं वेबपेज आपून सोता करायचं. तर वेबपेज कसं असतंय — समद्याभवतनं एचटीएमएलचं कुंपन. त्येच्या आत दोन भाग, पयला हेड, मग बॉडी. जी खूण उघडली ती तिरकी रेघ देऊन बंद करायची, दार लोटल्यागत. बॉडी म्हंजी आपला सोपा — पावन्याला दिसतंय ते तेवढंच. आन हेड म्हंजी आतली खोली. आता थोरल्या भावाचं नाव कुटं टाकायचं? वरच की! हेड समद्याच्या वर, म्हनून तितं टाकलं. टायटल म्हनत्यात त्येला. कॉम्प्युटरवर पार वरच्या पट्टीत दिसतंय — 'श्री. लालासाहे' हितपत्तोर. फुडचं कापतंय. मोबाईलवर दिसत न्हाई, त्येला मी काय करू?

असं काय बघताय? माजं नाव? ते... ते एच-वनात हाय. एच-वन म्हंजी लय मोठी अक्षरं. बापाचं नाव नको व्हय पानावर? अंकिता म्हनली हुती, पप्पा, हेडातलं दिसत न्हाई, बाबांचं नाव बॉडीत घ्या, तुमच्या वर — म्हंजी, म्हनली आसंल. ध्यानात कोन ठेवतंय! आवं दादा, मी सीमेवर, आन पोरगी तुमच्या खांद्यावर. सुट्टीला आलो की वैनींच्या पदराआड लपायची, ह्ये कोन म्हनून इचारायची. तुमी बाबा, आन मी पप्पा — त्ये बी वैनींनी शिकवलं तवा. लय लागायचं ते. म्हटलं, एकदा, एका पानावर तरी माजं नाव वर आसूं दे.

शिवी तरी द्या.

काय? कसलं पान? वैनींच्या फोनचा नेटपॅक कवाच संपलाय? मग काल हळदीला का — म्हस व्याली? रेडी झाली व्हय... बरं झालं. आन ह्यो फेटा? पेटीतनं काढूनच ठेवलाय? म्हंजी तुमी निगालाच हुता...

न्हाई, न्हाई. कोन म्हनलं तुमी रुसला म्हनून? मी कायसुदिक बोललो न्हाई. बांधा तुमी, फेटा बांधा.