बाहेर काढलेली गल्ली

लोधीपुरा वॉर्डाचे पार्षद नंदकुमार नगर निगमच्या कचेरीतल्या रांगेत शिरले ते थेट मालूबाईंपाशी. पुढे उभ्या असलेल्या तेजस्विनीला सगळं ऐकू येत होतं.

"काकी, या खेपेला मी तुमच्या वॉर्डातून लढतोय."

"का? तुमचा वॉर्ड काय वाईट होता?"

"आरक्षणाच्या चिठ्ठीत महिलांसाठी राखीव निघाला."

"मग भाभींना उभं करा."

"नाही म्हणते. कारणही सांगत नाही."

"बरं."

"तुमच्या गल्लीत तीनशे मतं आहेत. तुम्ही म्हणाल तिकडे जातात."

"आमची गल्ली आधी तुमच्याच वॉर्डात होती, भैया. ती बाहेर काढा, असा अर्ज तुम्हीच दिला होता."

"तुम्ही रोज नालीची तक्रार घेऊन दारात बसायच्या. माणूस वैतागतो, काकी."

"वैतागणारच."

"झालं गेलं विसरा. इथे कशाला उभ्या आहात? सांगा, मी करून देतो."

"मतदार यादीची नक्कल पाहिजे. दुसऱ्या वॉर्डातून लढायचं तर अर्जाला जोडावी लागते."

"कोण लढतंय?"

"मी. तुमच्या वॉर्डातून."

खिडकीतल्या बाबूनं तेजस्विनीला पुढे बोलावलं. ती जागची हलली नाही.

"माझ्या वॉर्डात तुम्हाला ओळखतं कोण?"

"भाभी ओळखतात. माझ्या अर्जावर प्रस्तावक म्हणून त्यांनीच सही केलीय."