दगडूनानाचा गोंधळ

रामराम मंडळी. नानाच्या शोकसभेला एवढ्या उन्हात जमलात. आजवर नाना गायचे आन मी मागं संबळ वाजवायचो. बोलायचं काम त्यांचं. आज मला पुढं केलंय. तोंड उघडलं की रडू येतंय, आन त्याहून जास्त राग येतोय. तवा ऐकून घ्या.

आत्ता समदे म्हणले, दगडूनानाचा आवाज अमर झाला. कसा झाला, ठाऊक हाय? चौसाळ्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी लग्नाचा गोंधळ होता. कुणीतरी तो टेप केला. मग तो कॉम्प्युटरमधी गेला. त्याची सीडी झाली. सीडीवरून सीडी, सीडीवरून सीडी. नानाला विचारलं का कुणी? ज्यानं त्यानं फुकट उतरवून घेतलं. आन पुढच्या लगीनसराईत आमाला आवतणच न्हाई! कावून बोलवावं? सीडी लावली की झाला गोंधळ.

एकदा नाना आन मी हितंच, उमापुरात, लग्नाला जेवायला आलतो. मांडवात नानाचाच आवाज चालू. मला वाटलं, नाना भडकणार. नाना ताटावरून उठले आन यजमानाला म्हणले, "अहो, ह्यात मी देवीला चौसाळ्याला बोलावतोय. त्या घराचं नाव घेतोय, त्या नवरानवरीचं नाव घेतोय. तुमचा लेक, तुमची सून कोरडीच राहिली की. बंद करा ते. मी गातो, काई देऊ नका."

यजमान हसले. "नाना, देवीला समदं कळतंय. जेवा तुमी!"

देवीला कळतंय. माणसाला कावून कळलं न्हाई?

मग नाना परळीला गेले, थर्मलच्या राखेच्या विटा थापायला. मी लई विनवलं. म्हणलं, नाना, गळ्याचं काय? "गळा सीडीत हाय ना बे," म्हणले. राख छातीत बसली. शेवटी पाणी मागायलाबी आवाज फुटत न्हवता. आन ज्या दिवशी गेले, त्याच दिवशी रस्त्यावरच्या दुकानात नाना खणखणीत गात होते. थू असल्या अमरपणावर!

नानाच्या लेकाचं, भीमाचं, लग्न ठरलेलं हाय. सकाळी त्यानं मला इचारलं, "काका, माझा गोंधळ कोण घालणार?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्यातलाच एक जण म्हणला, "बापाची सीडी हाय की!"

तो माणूस हितंच बसलाय. त्याचं नाव घेत न्हाई. त्यानं उठावं आन भीमाला सांगावं, बापानं त्याच्या नवरीचं नाव कोणत्या सीडीत घेतलंय ते.

न्हाई उठत? मग समदेच उठा. दोन मिनिटं गप उभे राहा. आन मान खाली घालू नका. भीमाकडं बघत उभे राहा.