दार दुरुस्तीला गेलंय

...आणि वर मलाच विचारतो, "मावशी, तुम्हाला दार हवंय कशाला? चोराने नेण्यासारखं आहे काय तुमच्या घरात?" ऐकलंत? अख्खं दार काढून नेलं याने, आणि चोरांची चौकशी माझ्याकडे. पण मी वाईट बोलणार नाही. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर, आणि उपकार विसरणारी बाई मी नव्हे.

तुम्हाला सांगते, आमचा घरमालक म्हणजे... नळ गळतोय म्हणा, "बघतो." जिन्याचा कठडा हलतोय म्हणा, "बघतो." भिंतीला ओल आलीय, हात लावला की पोपडा हातात येतो म्हणा, तर येऊन भिंतीकडे टक लावून बघतो, मान हलवतो आणि जातो. शब्दाचा पक्का. आम्ही त्याचं नावच ठेवलंय, बघतोराव.

माझ्या दाराची खालची बिजागरी तुटली होती. दार उघडायचं म्हणजे त्याला बगलेत धरून उचलायचं, म्हाताऱ्या सासऱ्याला उठवतात तसं, आणि त्याची कुरकुर ऐकत हळूहळू बाजूला न्यायचं. वर्षानुवर्षं सांगतेय. आणि एक दिवस बघतोराव स्वतः सुताराला घेऊन दारात हजर. मी शर्टांना काजं करते, घरी बसून, डोळे शाबूत आहेत अजून, तर हातातलं काज अर्धं टाकून मी आधी चहा ठेवला. स्क्रू गंजलेला, निघेना, तर तेलाची बाटली कुणी आणून दिली? मीच. दार जिन्यात अडकलं तर खालून हात कुणी लावला? मीच. "सांभाळून न्या हो, कोपरा घासेल." माझं दार मीच वाटेला लावलं, आणि वळणावर हातसुद्धा हलवला.

ते गेलं ते गेलंच. "दुरुस्तीला आहे, मावशी." "सुतार गावाला गेलाय, मावशी." "लाकूड वाळतंय, मावशी." अहो, माझ्या लग्नाच्या आधीचं दार ते, अजून किती वाळणार? मग एकदा अगदी सायीसारख्या मऊ आवाजात, "बिनदाराच्या घरात एकट्या बाईमाणसाने राहू नये मावशी, दिवस वाईट आहेत. लेकीकडे का जात नाही?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दार नव्हताच काढत तो, मला काढत होता, बिजागरीपासून.

आता लेकीकडे मी जाईन, चार दिवस पाहुणी म्हणून जाईन. पण नवरा गेल्यावर याच खोलीत मी तिला वाढवलं, समोरच्या दुकानांच्या पाट्या बघून बघून याच खिडकीत अक्षरं शिकले. ती खोली सोडून मी तिच्या स्वयंपाकघरात "आई, तू राहू दे, तुला नाही जमायचं" ऐकत बसू? हॅट.

शर्टांच्या उरल्यासुरल्या कापडाचा पडदा केला, लावला, आणि काजाची कात्री मांडीवर घेऊन खुर्चीत बसले ती उजाडेपर्यंत. सकाळी वरच्या मजल्यावरची नर्सबाई ड्युटी करून परतली. तिचं माझं बोलणं बंद, कित्येक वर्षं. का? तिच्या ओल्या चादरी, माझी खिडकी. झालं. ती जिन्यात थांबली, पडदा सरकवून बघते तर मी अशी, कात्री उगारून.

"कुणाला कापताय?"

"येईल त्याला."

"डोळे मिटताहेत तुमचे, स्वतःचंच बोट कापाल. आडव्या व्हा. मी बसते."

आणि बसली की हो, रात्रभर उभं राहून आलेली बाई. मी घोरले म्हणे. दार असतं तर ती सरळ वर गेली असती, आणि आमचं भांडण आम्ही मरेपर्यंत पोसलं असतं. उपकार विसरणारी बाई मी नव्हे.

मग समोरच्या खोलीतले मास्तर. दार गेल्यावर माझ्या खिडकीतला उजेड थेट जिन्यापर्यंत, म्हणून ते पेपर घेऊन चौकटीत बसायला लागले. एकदा चष्मा पुसत विचारतात, "मग, आपण कधी निघताय?"

"कुठे?"

"खोली सोडून. मालक म्हणाले, सगळे तयार झाले, मी एकटाच अडून बसलोय."

नर्सबाई माझ्याकडे चहाला बसलेली, ती म्हणाली, "अहो, एकटी तर मी अडून बसलेय. मला तसंच सांगितलंय त्यांनी."

तेवढ्यात खालची ड्रायव्हरची बायको बादली घेऊन वर आलेली, खालचा नळ आटला म्हणून. ती पायरीवरच मटकन बसली. "म्हणजे कुणीच जात नाहीये? मी भांडी बांधून ठेवलीत हो. केव्हापासून एकाच पातेल्यात डाळ, त्याच पातेल्यात भात, त्याच पातेल्यात चहा. हे म्हणतात चहाला हळद कुणी घातली."

बघतोराव आला तर माझी खोली भरलेली. "काय, सभा आहे वाटतं?" मी म्हटलं, "छे हो, दार नाही ना, येणारे येतात. बसा." तो कुठला बसतोय. मास्तरांनी नळाचा विषय काढला, नर्सबाईने कठड्याचा, आणि कुणाला काय थाप मारली तो विषय आम्ही सगळ्यांनी मिळून काढला. आधी एकेकटे तक्रार करायचो ना, तेव्हा एकेकाला वाटेला लावणं सोपं होतं त्याला. त्याच आठवड्यात प्लंबर आला, कठडा बसला, आणि आमची बैठक मोडावी म्हणून दारही आलं... बिजागऱ्यांशिवाय. "बिजागऱ्या बघतो, मावशी."

नुसत्या फळीचं काय करणार? ड्रायव्हरने माझ्या दोन पत्र्याच्या ट्रंका अंतरावर ठेवल्या आणि त्यांवर दार आडवं टाकलं. काय बाक झालाय म्हणून सांगू, चौघं ऐसपैस बसतात. मास्तरांना कडी टोचते, पण जागा सोडत नाहीत.

आणि मला चक्कर आली ते सांगायचं राहिलंच. भर दुपारी, काज करता करता डोळ्यांपुढे अंधारी, आणि मी जमिनीवर. ड्रायव्हरची बायको जिन्याने चालली होती, तिला वाऱ्याने हललेल्या पडद्याखालून माझे पाय दिसले. नुसते पाय. बादली टाकून धावली, वर हाक मारली, नर्सबाई तशीच अनवाणी खाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आता तुम्हीच सांगा, मी आयुष्यभर आतून कडी लावून बसणारी बाई. दुपारीसुद्धा. कुणाला दिसले असते माझे पाय?... असो. उपकार विसरणारी बाई मी नव्हे.

तर परवा संध्याकाळी आम्ही सगळे बाकावर बसलेलो, आणि चौकटीवर टकटक. पाहते तर बघतोराव. हा माणूस दार होतं तेव्हासुद्धा न विचारता आत यायचा, आणि परवा म्हणतो, "मावशी, येऊ का?" तोंड उतरलेलं. हळूहळू कळलं. मुलाने पुढची खोली घेतली आणि याला मागच्या खोलीत टाकलंय. छत गळतं, पंखा फिरत नाही, खिडकी मिटत नाही. मुलाला सांगितलं, तर मुलगा काय म्हणाला असेल?... बरोबर. "बघतो, बाबा."

कुणी हसलं नाही. नर्सबाईने ओठ आवळले, मास्तर सरकले आणि कडीवरची जागा त्याला दिली. मी चहा ठेवला. तुम्ही म्हणाल, मावशी, अशा माणसाच्या तोंडावर धाडकन दार लावायचं. अहो, लावलं असतं हो, कडीकोयंड्यासकट लावलं असतं... पण तो बसला होता ना त्याच्यावर.