वाघजाईचं दार कुठल्या दिशेला होतं?

मंडळी, चित्त जरा इकडं द्या. आज देवाला साक्षी ठेवून एक अवघड गोष्ट विचारतो. जे आपल्या फार जिवाचं आहे, तेच जर खरं नसेल — तर माणसानं कुठं उभं राहावं? जिवाच्या बाजूला, की खऱ्याच्या?

लगेच माना हलवू नका. आधी द्वारकाताईंची कथा ऐका.

द्वारकाताई उतेकर. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. माहेर पाचघळ. नकाशात शोधाल तर सापडणार नाही, कारण पाचघळ धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव द्वारका आणि गाव बुडालेलं! देवाची द्वारका तरी कुठं वाचली म्हणा.

गाव उठलं तेव्हा ताई लहान होत्या. पण दुपारी जरा डोळा लागला की त्या पाण्याखाली उतरायच्या. तिथं सगळं जागच्या जागी. आळीतून मासे फिरतायत, वडाच्या पारंब्या संथ हलतायत, आणि वाघजाईच्या देवळात देवीच्या तोंडावर पिवळं ऊन पडलंय. जाग आली की उशी ओली.

आता तुमच्या मोबाइलवर एक ज्ञानकोश असतो, ठाऊक आहे ना? माहिती शोधायला गेलात की पहिला तोच भेटतो. तो कोण लिहितं? कुणी मोठा पंडित? नाही हो. तुम्ही, मी, कुणीही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं सुधारायचं, तिसऱ्यानं खोडायचं. खाली नाव नाही, मानधन नाही, नारळसुद्धा नाही. आम्हा कीर्तनकारांना निदान नारळ तरी मिळतो.

ताईंनी त्यात पाचघळचं पान उघडलं आणि लिहिलं, ‘आमचं पाचघळ स्वर्गाहून सुंदर होतं. वाघजाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून होतं. मावळतीचं ऊन थेट देवीच्या मुखावर पडायचं.’

दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळं गायब! कुणा ‘निरंजन’ नावाच्या संपादकानं खोडलेलं. शेजारी टीप — संदर्भ हवा.

ताईंनी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा खोडलं. असं बरेच दिवस चाललं. त्या कोशात प्रत्येक पानामागं एक चर्चापान असतं, म्हणजे भांडायची ओसरीच. तिथं ताईंनी विचारलं, “एकदा सरकारनं बुडवलं, आता तुम्ही बुडवताय. तुमचं काय घेतलं हो माझ्या गावानं?”

मंडळी, इथं दुसरा कुणी असता तर नियम दाखवून मोकळा झाला असता. निरंजननं उत्तर दिलं, “ताई, मला पान मिटवायचं नाही, टिकवायचं आहे. पुरावा नसला, तर उद्या कुणी म्हणेल असं गावच नव्हतं. मी शोधतो. तुम्हीही शोधा.”

हा निरंजन म्हणजे श्रीरंग टेमकर, कोकणातल्या एका कॉलेजातले ग्रंथपाल. त्यांनी जुनी पुस्तकं चाळली. गावाचं नाव सापडलं, वस्ती सापडली, देऊळही सापडलं. पान हळूहळू उभं राहू लागलं. ताईंचा रागही निवळला. फक्त एका ठिकाणी गाडं अडलं. पुस्तकात छापलं होतं, देऊळ पूर्वाभिमुख.

ताई म्हणाल्या, “पुस्तक चुकलंय. ते ऊन मी पाहिलंय.”

श्रीरंगरावांनी वाद घातला नाही. पुस्तकाचं म्हणणं लिहिलं, आणि खाली ताईंचंही ठेवलं, ‘काही रहिवाशांच्या आठवणीनुसार’ असं म्हणून. दोन्ही शेजारी शेजारी नांदू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात धरण आटलं. बातमी आली, पाचघळचं देऊळ वर आलंय. ताईंनी श्रीरंगरावांना कळवलं आणि दोघं पहिल्यांदा समोरासमोर भेटले, ते त्या भेगाळलेल्या गाळात.

डोळ्यांसमोर आणा, मंडळी. नुकतं उजाडतंय. पाण्यावर धुकं. गाळाच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, छप्पर गेलेलं, अंगावर शिंपले. ताई अनवाणी चालतायत, जणू दुपारच्याच झोपेत आहेत. दाराशी पोचल्या, आणि त्यांच्या पाठीमागून सूर्य उगवला. ऊन उंबरा ओलांडून आत गेलं आणि रिकाम्या ओट्यावर टेकलं. देवी तर केव्हाच गावकऱ्यांबरोबर नव्या वसाहतीत गेलेली.

दार पूर्वेला होतं.

ताईंनी उंबऱ्यावरच्या उन्हावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “आम्ही निघालो त्या दिवशी आईनं मला पाया पडायला आणलं होतं. ती सकाळ होती, श्रीरंगराव. ती सकाळ होती, आणि मला जन्मभर संध्याकाळ वाटली.”

श्रीरंगरावांनी देवळाचा फोटो काढला, कुणीही वापरावा म्हणून कोशाला देऊन टाकला. पण ‘पश्चिमेला’ या शब्दाला हात लावला नाही. आजवर इतकं खोडलं, तेवढं मात्र खोडलं नाही. थांबले.

घरी आल्यावर ते वाक्य ताईंनी स्वतः काढलं. बदल का केला ते लिहायला कोशात जागा असते, तिथं लिहिलं, ‘माझी आठवण चुकली होती. गाव खरं आहे.’

मैथिली सबनीस नावाची एक मुलगी विद्यापीठात याच कोशाचा अभ्यास करत होती. माणसं इथं भांडतात कशी, टिकतात कशी, सोडून का जातात. त्या कोशात खोडलेलंही सगळं जपून ठेवलेलं असतं, म्हणून हे भांडण पहिल्यापासून तिला वाचता आलं. तिनं ताईंना गाठून विचारलं, “पहिलंच लिहिलेलं खोडलं गेलं की बहुतेक लोक परत येत नाहीत. तुम्ही कशा थांबलात?”

ताई म्हणाल्या, “त्यांनी वाक्य खोडलं होतं गं, मला नाही. हे कळेपर्यंत थांबले, एवढंच.”

मंडळी, आता माझ्याकडं बघू नका, जरा आत बघा. भावाबद्दल, सुनेबद्दल, शेजाऱ्याबद्दल मनात एखादं वाक्य वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय ना? फार जिवाचं आहे ते. एकदा जाऊन बघून या, दार कुठल्या दिशेला आहे. चुकीचं निघालं, तर दुसऱ्या कुणी खोडायच्या आत तुमच्या हातानं खोडा. तेवढं बळ तो पांडुरंग तुम्हाला देवो, आणि मलाही. म्हणा विठ्ठल, विठ्ठल.