पाचवा हातमोजा

एव्हिस: दार ओढून घे रे, पाकोळ्या आत शिरतात. गेले का ते दोघं पाहुणे?

सिरिल: गेले. गाडीत बसून सँडविच खातायत. एव्हिस, त्या बाईला खोटं का सांगितलंस?

एव्हिस: कुठलं खोटं?

सिरिल: तिनं विचारलं, गावातली कुमारिका वारली की हे कागदाचे मुकुट चर्चमध्ये अजून लावतात का. तू मोठ्या तोऱ्यात म्हणालीस, "लावतात तर!" शेवटचा तुझ्या मर्टल आत्याचा. शिडी मी धरली होती. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

एव्हिस: फार नव्हते.

सिरिल: होते तेवढे पुरत होते.

एव्हिस: बरं, केस राहू देत. सांगितलेल्या काड्या आणल्यास का?

सिरिल: आणल्यात. ओढ्याकाठच्या हेझलच्या झुडपाच्या, ओल्या आहेत, वाकतील. पण कशाला? शाळेच्या पोरांना दाखवायला म्हणावं तर शाळाच बंद पडली.

एव्हिस: बस त्या बाकावर. एकेक गोल वाकव. आणि मोडू नकोस, नाहीतर परत ओढ्यापर्यंत जावं लागेल, नि तुझे ते गुडघे...

सिरिल: गुडघ्यांचं मी बघतो. कशाला ते सांग.

एव्हिस: मुकुटाला.

सिरिल: ते दिसतंय. कोणाच्या?

एव्हिस: माझ्या.

सिरिल: च्यामारी!

एव्हिस: चर्चमध्ये आहेस, सिरिल गोटर.

सिरिल: यापेक्षा वाईट ऐकलंय देवानं माझ्या तोंडून. अगं, आपला मुकुट आपणच करायचा नसतो! मैत्रिणी करतात. नि त्याही बाई गेल्यावर.

एव्हिस: कुठल्या मैत्रिणी? आयव्ही गेली. हिल्डा त्या वृद्धाश्रमात स्वतःचं नाव विसरून बसलीये. राहिलं कोण? अर्धी घरं लंडनवाल्यांची. शुक्रवारी येतात, कुत्री फिरवतात, रविवारी कुलूप लावतात. त्यांना जाऊन सांगू का, "अहो, मी मेले की जरा कागदाची फुलं कातरून द्या"?

सिरिल: मेले मेले काय लावलंयस सकाळपासून!

एव्हिस: परवा डॉक्टरकडे गेले होते.

सिरिल: चष्म्यासाठी जाते म्हणालीस ना?

एव्हिस: चष्म्यासाठी नव्हते गेले.

सिरिल: मग?

एव्हिस: सफरचंदं उतरेपर्यंत आहे मी. तो तसं नाही म्हणाला, त्यानं आपले महिने सांगितले. सफरचंदं मी म्हणते.

सिरिल: समोर राहतो मी. रस्ता ओलांडला की माझं दार. रात्री तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा गेल्याशिवाय मी माझा घालवत नाही. नि तू मला चष्म्याचं सांगून बसमध्ये बसतेस?

एव्हिस: आत्ता सांगितलं ना. वाकव काडी.

सिरिल: बोटं वळत नाहीत.

एव्हिस: माझीही वळत नाहीत. म्हणून तर आज बसवलंय तुला. अजून कात्री धरता येतेय तोवर होऊन जाऊ दे. हे बघ, फुलं झालीयेत सगळी, पेटीत आहेत. फक्त सांगाडा बांधायचा नि हातमोजे कातरायचे.

सिरिल: तुला खरंच हवाय हा?

एव्हिस: हवाय. का नको? या गावात जन्मले, या गावात मरणार, लग्न केलं नाही. सगळं बसतंय.

सिरिल: आणि?

एव्हिस: आणि काय?

सिरिल: पाहुण्यांना रोज घोकून दाखवतेस ते पुढचं. म्हण ना.

एव्हिस: तुला पाठ आहे की.

सिरिल: आहेच पाठ. "मंडळी, कुमारिका निष्कलंक असावी लागे. मुकुटाला पाच कागदी हातमोजे लटकवत. जिच्या चारित्र्याविषयी कोणाला शंका असेल त्यानं पुढं यावं नि हातमोजा उचलावा. तीन रविवार मुकुट दाराशी टांगलेला असे. कोणी उठलं नाही तर मग वर, भिंतीवर, नावासकट, कायमचा." बरोबर?

एव्हिस: माझ्यासारखा आवाज काढायची गरज नव्हती.

सिरिल: मग?

एव्हिस: मग काय? कोण उठणार आहे? पाद्रीबाईंकडे सात चर्चं आहेत, इथं त्या महिन्यातून एकदा येतात. तीन रविवार म्हणजे तीन महिने. आणि बाकांवर कोण? तू, पेटी वाजवणारे ते बहिरे गृहस्थ, नि पाऊस असला तर सायकलवाले.

सिरिल: म्हणजे मीच.

एव्हिस: तूच.

सिरिल: म्हणून बोलावलंस होय! काड्यांसाठी नाही.

एव्हिस: काड्याही हव्या होत्या.

सिरिल: एव्हिस, सरळ बोल.

एव्हिस: सरळच बोलते. या गावात माझं नाव कुठंही नाही, सिरिल. लग्नाच्या वहीत नाही. कोणाची आई म्हणून नाही. युद्धात मेलेल्यांच्या दगडावर सगळे पुरुष. जन्मभर या मुकुटांची धूळ झटकली मी. प्रत्येकीचं नाव माहीत आहे, कोण कशानं गेली ते माहीत आहे. मला एक खिळा हवाय. एवढंच. तू गप्प बसलास तर मिळेल.

सिरिल: गप्प? मी? सायप्रसला जाणाऱ्या लष्करी बोटीत बसलो तेव्हापासून गप्प आहे. मॉरीनला नाही सांगितलं, चाळीस वर्षं एका बिछान्यात झोपलो तरी. ती शेवटच्या आजारात म्हणाली, "सिरिल, तू कधी कुणावर..." नि मी म्हटलं, "औषध घे."

एव्हिस: मॉरीन चांगली होती.

सिरिल: चांगलीच होती.

एव्हिस: दर नाताळला पुडिंग पाठवायची मला. एकटी आहे म्हणून. तेवढंच सोसायचं नाही बघ.

सिरिल: परत आलो तेव्हा लग्नाचं विचारलं होतं तुला. याच दाराशी. टोपी हातात घेऊन.

एव्हिस: आणि मी काय म्हणाले?

सिरिल: "आईला कोण बघणार? ती असेपर्यंत थांब." चार वर्षं थांबलो.

एव्हिस: ती चोवीस जगली.

सिरिल: म्हातारी हट्टी होती.

एव्हिस: हट्टी काय, खमकी होती. शेवटपर्यंत लोणी हाताला लागेल एवढं मागायची पावावर... हसू नकोस. मी रडेन मग.

सिरिल: हसत नाहीये.

एव्हिस: तर बसशील ना गप्प? तीन रविवार?

सिरिल: नाही.

एव्हिस: काय?

सिरिल: नाही बसणार. उठणार मी.

एव्हिस: वेड लागलंय का तुला? मी थडग्यात पडलेली असणार नि तू उभा राहून सगळ्यांसमोर माझी अब्रू...

सिरिल: सगळ्यांसमोर म्हणजे त्या बहिऱ्यासमोर.

एव्हिस: चेष्टा करू नकोस! जन्मभर ताठ मानेनं राहिले मी या गावात. पोस्टात, दुकानात, चर्चमध्ये, एक शब्द कोणी बोलला नाही. नि तू, तूच...

सिरिल: ऐक. ऐकून तर घे, बाई! तो मुकुट वर गेला की काय होणार माहीत आहे? आजच्यासारखी एखादी बाई येणार, मान वर करून बघणार, नवऱ्याला म्हणणार, "अरेरे, बिचारी. हिचा कोणी कधी हातसुद्धा धरला नाही." नि मी इथं, या बाकावर, ऐकत बसणार. पिठाच्या गिरणीच्या माळ्यावरचा आपला तो उन्हाळा झालाच नाही असं होणार. तू गेलीस की तो माहीत असलेला मी एकटा. मी गेलो की संपलं. मला तो उन्हाळा आहे गं. दुसरं काय आहे मला? पोरगा कॅनडात, फोनवर हवापाणी विचारतो. रोज सकाळी उठतो नि बघतो तुझा पडदा सरकला का. सरकला की किटली ठेवतो.

एव्हिस: हे कधी बोलला नाहीस.

सिरिल: तू विचारलं नाहीस.

एव्हिस: मीही बघते. तुझ्या धुराड्यातला धूर.

सिरिल: मग दार का नाही वाजवलंस? मॉरीनला जाऊन सहा वर्षं झाली.

एव्हिस: तू का नाही वाजवलंस?

सिरिल: ...लोक काय म्हणतील म्हणून.

एव्हिस: कुठले लोक, सिरिल?

(एव्हिस कागदाचे हातमोजे कातरू लागते. कात्रीचा आवाज तेवढा येत राहतो.)

एव्हिस: माझ्या अंगावर पिठाचा पांढरा थर होता. आठवतं? घरी गेले तर आई म्हणाली, भूत दिसतेस.

सिरिल: माझ्या कोटाच्या अस्तरात ते पीठ सायप्रसपर्यंत आलं. झटकलं नाही मी.

एव्हिस: मूर्खच होतास.

सिरिल: होतो. आहे.

एव्हिस: धर हे. एक, दोन, तीन, चार. लटकव त्या खालच्या कडीला, सारख्या अंतरावर.

सिरिल: पाचवा?

एव्हिस: पाचवा इकडे दे. नाही, थांब, माझ्याकडेच आहे. हा घे.

सिरिल: कुठं लावू?

एव्हिस: कुठंच नाही. ठेव तुझ्याकडे.

सिरिल: म्हणजे?

एव्हिस: उचललास ना? उठून आलास, हातमोजा उचललास. झालं. नियमाप्रमाणे झालं. मी समोर आहे, ऐकलं मी. आता त्या तीन रविवारी गुमान बसून राहायचं.

सिरिल: नि लोकांनी मोजले तर? सगळ्यांना पाच, तुला चार?

एव्हिस: सांग उंदरांनी नेला. इथं उंदीर काय कमी आहेत!

सिरिल: पाद्रीबाई म्हणतील जुन्या भिंतीत नवा खिळा मारता येत नाही. जुन्या इमारती जपणाऱ्या खात्याची परवानगी लागते.

एव्हिस: कोणाला विचारू नकोस. मंगळवारी मार, इथं मंगळवारी कोणी फिरकत नाही.

सिरिल: मंगळवारी कुठलाच आवाज नसतो गावात. तुझ्या कोंबड्यांचा तेवढा.

एव्हिस: कोंबड्या तू घे. ती तांबडी हात लावू देत नाही, पण सवय होईल.

सिरिल: एव्हिस...

एव्हिस: आज चहाला ये. दार वाजव. मोठ्यानं वाजव, शेजारच्या लंडनवाल्यांना ऐकू जाऊ दे.

सिरिल: येतो. हा हातमोजा... कागदच आहे गं. चुरगळेल.

एव्हिस: कोटाच्या आतल्या खिशात ठेव. छातीच्या बाजूला. तिथं नाही चुरगळत.

सिरिल: आणि मी गेल्यावर? तो माझ्याबरोबर मातीत जायला हवा. पण सांगून ठेवायला कोण आहे मला?

एव्हिस: कोणी नाही?

सिरिल: तू होतीस.

एव्हिस: मग आजपासून रोज हाच कोट घालत जा.