भोक पाडलेला माठ

माहेर माजं केमकडचं, सासर माढ्याकडं, आन आता ऱ्हाती हितं सोलापुरात, दत्ताकडं. त्यो माजा एकुलता एक. टेम्पो चालवतो, डाळिंबं घेऊन हैद्राबादला जातो-येतो. गावाकडं कुंडीत झाड लावायचं आमाला म्हाईतच नव्हतं, काय सांगू तुमाला, झाड म्हणलं की भुईत. आन आता म्हातारपणी गच्चीवर मातीच्या कुंड्या मांडून बसलीया, हसू नगा.

मातीचीच पायजे बगा कुंडी. प्लास्टिकची हितल्या उन्हात तडकती, आन मुळं आतल्या आत शिजत्यात. पर मातीच्या कुंडीला जीव लावाय लागतो. नवी आणली की दिसभर बादलीत बुडवून ठिवायची, बुडबुडं यायचं थांबलं की समजायचं तिचं पोट भरलं, न्हाईतर तुमी झाडाला घातल्यालं पाणी तीच पिऊन बसती. गच्ची तापती म्हणून खाली विटांचं तुकडं द्यायचं. नळाला काय रोज पाणी न्हाय, मग बोरचं घालाय लागतं, ते खारं, त्येनं कुंडीला भाईरनं पांढरी खपली धरती, ती काथ्यानं घासायची. सूनबाई म्हणती, आत्या, कुंड्यास्नी आंघोळ घालताय व्हय? घालती की. रेश्मा तिचं नाव, बार्शीची, लई गुणाची पोर, तिचा दोष न्हाय ह्यात, हे पयलंच सांगती.

आता भोकाचं सांगती. कुंडीच्या बुडाला भोक आसतं ते कुंभार पाडतो, माती वली आसताना, भाजायच्या आदी. ते घेऊनच ती जलमाला येती, आपल्याला नाक-कान आसत्यात तसं. त्यावर खापराचा तुकडा ठिवायचा, पाणी जातं, माती ऱ्हाती. त्या भोकाला मी भीत न्हाय. पर भाजल्याल्या मडक्याला मागनं भोक पाडायचं ते एकाच येळंला पाडत्यात. मालक गेलं तवा दत्ता दहावीला व्हता. आमच्यात बायका जात्यात मसणात, मी गेली. पोराच्या खांद्यावर पाण्याचं मडकं, दर फेऱ्याला दगडानं एक भोक, आन पाणी त्येच्या पाठीवरनं, शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरनं गळत चाललं. शेवटी लोक म्हणले, टाक मागं, आन वळून बगू नगंस. न्हाई बगितलं त्येनं. मीच बगत व्हती, त्येच्या वल्या पाठीकडं. तवापास्नं गळकं मडकं दिसलं की मी तितं उभी ऱ्हात न्हाय.

तर आमचा जुना माठ पाणी गार करीना झाला. माठाचं आसंच, बारीक बारीक छिद्रं खारानं बुजली की तो संपला. मी म्हणलं ऱ्हाऊ दे, ज्वारी ठिवू त्यात. दत्ता सकाळी गाडी घेऊन गेला. मी दळण आणाय गेली, आन माघारी येती तर जिन्यात पाणी, पायरीपायरीवर पाणी. वर बगती तर रेश्मा चढत चालल्याली, खांद्यावर माठ, आन बुडातनं धार, सगळी पाठ वली.

म्हणली, आत्या, मोगरा लावते यात, खिळ्यानं भोक पाडलंय, खाली नळाशी पाणी घालून बघितलं, उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून तसाच उचलला, वरच्या झाडांना होईल. कमरेवर घेऊन जिना चढता येईना म्हणून खांद्यावर घेतलेला.

माज्या हातनं डबा सुटला. सगळं पीठ जिन्यात. मी वरडली, आगं सटवे, कुणाचं मडकं उचललंस खांद्यावर? आदी तिला उमजंना. मग उमजलं, आन ती बी पांढरीफटक पडली. कारण काय सांगू तुमाला, दत्ताला अजून लेकरू न्हाय. भाऊ न्हाय. त्येचं मडकं धरायला कोण हाय? हीच की.

फोन लावला, बंद. परत लावला, बंद. रेश्मा म्हणती, गाडी चालवताना ते घेत नाहीत. आगं, घेत न्हाय ते निराळं आन बंद निराळं. जिन्यातलं पीठ कुणी भरलं न्हाय, चूल कुणी पेटवली न्हाय. मी देवापुढं बसली, पर देवाचं नाव तोंडात येईना, नुसतं पाणी गळत्यालं ऐकू येतंय.

उन्हं कलली तवा फोन आला, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरनं. आई, टायर फुटला, टेम्पो कडंला जाऊन आदळला, मोबाईलचा चुरा झाला, मला काय झालं न्हाय, तू जेवलीस का. टायर किती वाजता फुटला ते मी इचारलं न्हाय. रेश्मानं बी न्हाय. अजून न्हाय इचारलं. त्यो आपणहून सांगाय लागला की मी काय तरी काम काढून उठती.

त्यो म्हणतो, आई, टायर झिजल्याला व्हता, माठ काय करणार त्येला, दे फोडून. खरं बी आसंल त्येचं. पर फोडू कसा? फोडायचं बी मसणातच आसतंय. कुणाला द्यावा, तर दुसऱ्याच्या लेकरावर का घालू? मग लावला त्यातच मोगरा, आन आसा फुललाय की बाकीच्या कुंड्यास्नी लाज वाटावी. फुललाय त्येची बी भ्याच वाटती मला. बुड गोल, म्हणून विटांच्या कड्यात बसवलाय. उन्हाळ्यात वलं गोणपाट गुंडाळती. खाली परात ठिवलीया, त्येचं पाणी मी भुईवर पडू देत न्हाय. रोज बोटानं वाजवून बगती, टणटण वाजला तर धड, भद्द वाजला तर चीर गेली. दत्ता गाडी काढणार आसला की त्येच्या आदी उठून वाजवती.

आज बी त्यो वाटंतच हाय. सिद्धेश्वर सगळ्यांची लेकरं सुखरूप घरी आणू दे, तुमची बी. मोगरा न्या जाताना वंजळभर, बाकीच्या कुंड्यांतला देती, त्यातला नगं. आन मी माठाला पाणी घालून जिना उतराय लागली की मला याड लागलंय म्हणू नगा. तितं मागं वळून बगायचं नसतं. म्हणून मी हितं पायरीपायरीला वळून बगती.