लेकीच्या पायाचं माप

मंडळी, ऐका. निरूपणाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. अवघड नाही. परमार्थाचा तर मुळीच नाही. सांगा बघू — तुमच्या लेकराच्या पायाचं माप काय?

अहो, मोबाईल काढू नका! मोबाईलला ठाऊक असतं, हे मलाही ठाऊक आहे. मी तुम्हाला विचारतोय. बघा, पुढच्या रांगेतले पाव्हणे लगेच बायकांच्या बाजूला बघायला लागले! तिकडून उत्तर येईल म्हणून. बसा निवांत. आणि मृदंगवाले आबा, तुम्ही हसू नका. मघाशी चहाला तुमच्या घरी आलो होतो, दारात कुरिअरची तीन खोकी होती. एकसुद्धा फोडलेलं नव्हतं.

हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्यासाठी आपण दिवसभर राबतो, ज्याच्यासाठी पैसा मोडतो, त्याच्याकडे आपण बघतो कधी? माया केली म्हणजे ती पोचली, असं असतं का? आजचं आख्यान या प्रश्नावर आहे. राजाराणीचं नाही. इचलकरंजीच्या अलीकडच्या एका गावातलं आहे, आणि थोडंसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

त्या गावात रणधीर चौगुले नावाचा माणूस. सूतगिरणीत सुपरवायझर. तुम्हाला वाटलं असेल, खरेदीची गोष्ट म्हणजे बुवा आता बायकांना धरणार! नाही हो. हा बाप्या माणूस आहे. आणि माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्यसन नाही, भांडण नाही. बायको शुभदा दोन वर्षांमागं आजारपणात गेली. मागं राहिली रेणू, पाचवीतली लेक. शाळा सुटली की पोर शेजारच्या हौसाक्कांकडं जायची. हौसाक्का म्हणजे सत्तरीची म्हातारी, तोंडानं फटकळ, पण पोरीला ताटावर बसवून जेवू घालणारी. रणधीर घरी यायचा तेव्हा रेणू अर्धी झोपेत. सकाळी ती उठायची तेव्हा हा डबा घेऊन बाहेर.

आता अशा माणसाला काय वाटत असेल? लेकीला आई नाही, आणि बाप असून नसल्यासारखा. काळीज खातं हो! मग तो काय करायचा? गिरणीच्या कँटीनमध्ये एका हातानं भाकरी मोडायचा आणि दुसऱ्या हातानं मोबाईल. रेणूला पाण्याची बाटली. झाकणावर ससा असलेली. मग हत्ती असलेली. अभ्यासाचं टेबल, त्याला दिवा लागणारा. ते टेबल सुटंच पडून होतं, कारण जोडायला रविवार लागतो, आणि रविवारी हा ओव्हरटाइमला. ओव्हरटाइम कशाला? टेबलाच्या हप्त्याला! कळलं का गणित? लेकीजवळ बसायला वेळ नाही म्हणून वस्तू घ्यायची, आणि वस्तूचे पैसे फेडायला उरलेला वेळही विकायचा.

आणि मंडळी, त्याला नावं ठेवू नका. दमलेल्या माणसाला खरेदी फार सोपी पडते. लेकराला मांडीवर घ्यायचं तर अंगात बळ लागतं. गोष्ट सांगायची तर डोकं जाग्यावर लागतं. खरेदीला काय लागतं? एक अंगठा! दाबला की झालं. दाबल्यावर क्षणभर वाटतं, चला, आपण बापाचं कर्तव्य केलं. त्यात तो मोबाईल चावट. ‘फक्त आज’ म्हणतो. उद्या परत ‘फक्त आज’ म्हणतो.

रेणूचं एकच मागणं होतं. तिच्या आईनं तिला सांगून ठेवलं होतं की, पप्पा तुला पोहायला शिकवतील, मळ्यातल्या विहिरीत, जसे ते स्वतः शिकले तसे. पोर सारखी विचारायची,

“पप्पा, विहिरीवर कधी जायचं?”

“या सुट्टीत नक्की.”

आणि सुट्टीत काय आलं? पोहण्याचा चष्मा आला! पुढं टोपी आली, पोशाख आला, हवा भरायचं बदक आलं. सगळं आलं हो, विहीर तेवढी आली नाही. कपाटात बदक घडी घालून बसलंय आणि पोरीला पाण्यात पाय हलवता येत नाही.

आता बुटांचं ऐका. इथं माझा जीव अडकतो.

शुभदा असताना तिनं एकदा रेणूचा पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखला होता, मोजला होता आणि रणधीरच्या मोबाईलमध्ये बुटाचा नंबर घातला होता. तो नंबर तिथंच राहिला. रणधीर काय करायचा? ‘पुन्हा मागवा’ असं एक बटण असतं. दाबायचा. शाळेचे काळे बूट आले. ते झिजायच्या आत पांढरे आले. मग सेल लागला म्हणून आणखी काळे. सगळे त्याच नंबराचे. मंडळी, मोबाईलमधला नंबर वाढतो का? पाय वाढतो! दोन वर्षांत पोरीचा पाय किती वाढला असेल, तुम्हीच सांगा.

नवे बूट आले की रणधीर खोकं स्वतः फोडायचा. दिवसाकाठी तेवढाच हसायचा. “बघ, रेणू, मस्त आहेत की नाही?” आणि पोर काय म्हणायची? “मस्त आहेत, पप्पा.” आणि बोटं आत मुडपून पाय बुटात घालायची. रोज शाळेला तशी जायची. बोटं मुडपून! हौसाक्कांना तिचं लंगडणं दिसलं होतं. त्यांनी विचारलं, तर म्हणाली, “खेळताना लागलंय, आज्जी.”

आता यात कुणाचं चुकलं? बापाची माया खोटी होती का? नव्हती. पोरीची होती का? ती तर बापापेक्षा मोठी. दोघांची माया खरी आणि मधे पाय सुजतोय.

त्या गावात सप्ताह होता. एके दिवशी गिरणीत मशिन बंद पडलं आणि रणधीर लवकर घरी आला. हौसाक्कांनी त्याला दारातच गाठलं.

“चल कीर्तनाला.”

“आक्का, दमलोय ओ.”

“कीर्तनात बसायचंच असतंय. बसून कोण दमतंय? पोरगीला घे आन् चल.”

आला बिचारा. कीर्तनकार कोण? मीच! मी इथं घसा कोरडा करून बोलतोय आणि खांबाला टेकून हा गृहस्थ मांडीखाली मोबाईल धरून बघतोय. मला इथून सगळं दिसतं बरं का, तुम्हाला वाटतं बुवा डोळे मिटून असतात! मला असा राग आला म्हणता. मनात म्हटलं, आरती होऊ दे, मग बघतो तुला.

मला बघावं लागलं नाही. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तन संपलं, आरती झाली, बुक्का लागला की आपण एकमेकांच्या पाया पडतो. तिथं लहानमोठं नाही. म्हातारा पोराच्या पाया पडतो, सासू सुनेच्या पाया पडते. समोर जो उभा, त्याच्यात पांडुरंग उभा. रणधीरही उठला. या काकांना वाकला, त्या मामांना वाकला. पडायचं म्हणून पडत होता, आपण पडतो तसंच. वाकता वाकता पुढचे दोन पाय आले, त्यांनाही हात लावला.

आणि हात तिथंच थांबला.

पाय लहान होते. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली. करंगळीला फोड येऊन फुटलेला. आणि मंडळी, तिथं बूट नव्हते, ती देवळात अनवाणी उभी होती, तरी बोटं मुडपलेलीच! सवय लागली होती बोटांना. रणधीरनं मान वर केली. वर रेणू, हात जोडून उभी.

“रेणू, हे काय गं?”

“काही नाही, पप्पा.”

“बूट लागतात?”

पोरीनं मान हलवली. भोवती माणसं एकमेकांच्या पाया पडतायत, टाळ वाजतायत, आणि हा गुडघ्यावर बसून लेकीची बोटं एकेक करून सरळ करतोय.

“मग बोलली का नाहीस मला?”

रेणू हळूच म्हणाली, “खोकं फोडताना तुम्ही हसता ना, पप्पा. मी लागतात म्हटलं असतं, तर हसला नसता. आणि तो नंबर आईनं घातलाय ना... मग आई चुकली, असं झालं असतं.”

माझ्या हातातली चिपळी खाली राहिली. मघाचा राग कुठं गेला, कळलंच नाही. रणधीर देवळात, चारचौघांत, ओक्साबोक्शी रडला. रडून झाल्यावर म्हणाला, “आईचा नंबर चुकला नव्हता, बाळा. तू वाढलीस. मी बघितलं नाही.”

हौसाक्का मागं उभ्या. पदरानं डोळे पुसले आणि लगेच मूळ पदावर आल्या. “रडतोस काय! तेल-हळद लावू या चल. आन् त्या बोळकांडीभर खोक्यांचं काय ते बघ एकदा.”

पुढं काय झालं, ते हौसाक्कांनीच मला दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, आणि उरलेलं पुढच्या साली गेलो तेव्हा. बाजाराच्या दिवशी रणधीर रेणूला घेऊन चपलांच्या दुकानात गेला. दुकानदार नंबर विचारतोय, तर हा म्हणतो, “नंबर माहीत नाही. पाय आणलाय.” बूट घातले आणि खाली बसून यानं बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघितला. बोटाला जागा आहे का? अंगठा तोच बरं का! इतके दिवस काचेवर दाबत होता.

न वापरलेले छोटे बूट गल्लीतल्या धाकट्या पोरींना गेले. टेबल मात्र ठेवलं, हप्ते तर फेडायचेच होते. आणि त्यानं स्वतःला एक नियम घातला. काही घ्यावंसं वाटलं की घरात बोलून दाखवायचं आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं. तोवर आठवण राहिली आणि रेणू ‘हवंय’ म्हणाली, तरच घ्यायचं. तो मला सांगत होता, “बुवा, निम्म्याअधिक गोष्टी मला बाजारापर्यंत आठवतच नव्हत्या!” सोपं गेलं असं समजू नका. कँटीनमध्ये हात आपोआप खिशाकडं जायचा. मग त्यानं काय केलं? हौसाक्कांना फोन लावायचा आणि रेणू काय खातेय ते विचारायचा. आक्का वैतागल्या. “ह्याच्यापरास खोकी बरी होती,” म्हणायच्या.

हप्ते संपायला उन्हाळा उजाडला. शेवटचा हप्ता फिटला तसा रणधीर साहेबांना म्हणाला, “साहेब, आता रविवारी येणार नाही.” साहेब म्हणाले, “ओव्हरटाइमचे पैसे जातील.” हा म्हणाला, “जाऊ देत. आता ते लागत नाहीत.” मंडळी, पैसा वाचला म्हणजे काय झालं? डब्यात साठला, ते आहेच. पण त्याचा रविवार सुटला हो! गहाण पडलेला रविवार सोडवून आणला त्यानं.

आणि त्या रविवारी मळ्यातल्या विहिरीवर कोण आलं? चष्मा नाही, टोपी नाही, बदक नाही. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेली रेणू, छातीएवढ्या पाण्यात पायरीवर उभा बाप, आणि काठावर हौसाक्का.

“पप्पा, सोडू नका!”

“धरलंय, धरलंय. पाय मार.”

आणि वरून हौसाक्का ओरडतात, “आरं, सोड की जरा! तशानं कशी शिकंल ती?”

त्यानं हात जरासा सैल केला. पोरीनं पाय मारले. बोटं सरळ होती.

मंडळी, मी तुम्हाला काही घेऊ नका असं सांगत नाही. लेकराबाळांचा संसार आहे, घ्यावं लागतं. आईला घाई आहे, बापाला शिफ्ट आहे, तुमचे हाल मला दिसतात. मी एवढंच मागतो. आता आरती होईल, बुक्का लागेल, तुम्ही एकमेकांच्या पाया पडाल. आज उरकून टाकू नका. तुमचं लेकरू इथंच कुठं तरी झोपाळलेलं बसलंय, त्याच्यापुढंही वाका. वाकलात की डोळे मिटू नका. बोटं बघा, नखं बघा, एक वीत लावून बघा. देवाची काळजी करू नका, तो विटेवर उभाच आहे, तुमची वाट बघत थांबतो. लेकराचा पाय थांबत नाही. आपण इथं बसलोय तेवढ्यातही तो वाढतोय.

उठा, आता टाळ घ्या. मोठ्यानं म्हणा विठ्ठल.